वेंगीचं शेत: चोळ आणि चालुक्य दीडशे वर्षं एकमेकांच्या जिवावर का उठले होते

तंजावरला कधी गेलात तर राजवाड्यात जाताच, आपल्या भोसल्यांचा राजवाडा म्हणून मराठी माणूस तिथे जातोच. त्याच आवारात मूर्तींचं एक कलादालन आहे आणि त्यात एक दगडी द्वारपाल उभा आहे. आजूबाजूला सगळ्या चोळ मूर्ती आणि हा एकटा वेगळा, चेहरेपट्टी वेगळी, दागिन्यांची घडण वेगळी, थोडं बघायची सवय असेल तर लगेच कळतं की हा माणूस इथला नाही. खाली तमिळमध्ये कोरलंय त्याचा अर्थ साधारण असा: विजयराजेंद्र देवांनी कल्याणपुर जाळून आणलेला हा द्वारपाल. म्हणजे लुटीचा माल, आणि वर पावतीसुद्धा कोरून ठेवलेली, कुठून आणला, कोणी आणला, सगळं.

हे कल्याणपुर म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी, आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातलं, आपल्या उमरग्यापासून फार लांब नाही. आणि विजयराजेंद्र म्हणजे राजाधिराज चोळ, राजेंद्र चोळाचा मुलगा आणि तंजावरचं मोठं देऊळ बांधणाऱ्या राजराजाचा नातू. १०४५-४६ च्या आसपासची गोष्ट. तंजावरहून बसवकल्याणला आज हायवेने जायचं म्हटलं तरी कंबरडं मोडतं, आणि हा माणूस हत्ती-घोडे-बैलगाड्या घेऊन गेला, शहर जाळलं, आणि परत येताना दाराशी उभा असलेला दगडाचा रखवालदार उचलून आणला. का?

हल्ली चोळांवर सिनेमे आले, रील्स आल्या, त्यामुळे आमच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी ‘चोळ भारी की चालुक्य भारी’ हे भांडण पेटतं. मला त्यात कोण भारी यापेक्षा भांडणाचं कारण जास्त इंटरेस्टिंग वाटतं, कारण ते आपल्याकडच्या कुठल्याही गावातल्या माणसाला पटकन कळण्यासारखं आहे. एक सुपीक जमीन, तिच्यावर एका बाजूने भाऊबंदकीचा हक्क, दुसऱ्या बाजूने सोयरीकीचा हक्क, आणि दोन्हीकडे दांडगी माणसं. बस. बाकी सगळं त्यावर चढलेलं आहे.

आधी मॅप डोळ्यासमोर आणा, मॅपशिवाय हा इतिहास नुसती राजांच्या नावांची यादी होते. आपल्या सह्याद्रीतून निघून कृष्णा पूर्वेला जाते, खालून तुंगभद्रा येऊन तिला मिळते, आणि त्या दोघींच्या मध्ये जो पट्टा राहतो तो रायचूर दुआब. काळी जमीन, आणि वरच्या पठाराचा राजा आणि खालच्या तमिळ देशाचा राजा यांच्यात बरोबर मधे. ही पहिली भांडणाची जागा. दुसरी म्हणजे वेंगी. कृष्णा आणि गोदावरी समुद्राला मिळतात तिथला सगळा गाळाचा प्रदेश, आजचं एलुरू, राजमहेंद्री, तो भाग. भाताचं कोठार, शिवाय समुद्रकिनारा, बंदरं. तुम्ही कल्याणीचे चालुक्य असाल तर दक्षिणेला चोळ आहेतच, आता वेंगीही चोळांकडे गेली तर पूर्वेकडूनही तेच, म्हणजे दोन बाजूंनी कोंडी. आणि तुम्ही चोळ असाल तर वेंगी हा तुमचा उत्तरेचा रस्ता, राजेंद्र चोळाची फौज गंगेपर्यंत गेली ती याच किनाऱ्याच्या बाजूने. त्यामुळे वेंगी सोडणं दोघांनाही परवडणारं नव्हतं.

आता भाऊबंदकी. सातव्या शतकात बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी, तोच हर्षाला अडवणारा, त्याने वेंगी जिंकली आणि आपल्या धाकट्या भावाला, कुब्ज विष्णुवर्धनाला तिथे बसवलं. त्या भावाचं घराणं तिथेच रुजलं, त्यांना पूर्वेकडचे चालुक्य म्हणतात, आणि ते पुढे साडेचारशे वर्षं टिकले. इकडे बदामीचं मूळ घराणं राष्ट्रकूटांनी बुडवलं, आणि दोनशे वर्षांनी ९७३ मध्ये तैलप नावाच्या सरदाराने राष्ट्रकूटांना बुडवून पुन्हा चालुक्यांचं राज्य आणलं. तैलपाचं घराणं स्वतःला बदामीवाल्यांचे वंशज म्हणवायचं. म्हणजे त्यांच्या दृष्टीने वेंगीवाले कोण, तर आपल्याच घराण्याची धाकटी पाती. वडिलोपार्जित जमीन, मधे दुसऱ्याच्या ताब्यात असली तरी आपलीच.

योगायोग बघा, त्याच ९७३ मध्ये वेंगीत पण उलथापालथ झाली. तिथल्या दानार्णव राजाला जटा चोड भीम नावाच्या तेलुगू सरदाराने मारलं आणि गादी घेतली. दानार्णवाची दोन मुलं, शक्तिवर्मा आणि विमलादित्य, पळून चोळांच्या आश्रयाला गेली. आता कुठल्याही राजाच्या घरी शेजारच्या राज्याचे दोन बेघर वारस येऊन राहिले की तो राजा त्यांना नुसतं जेवू घालत नाही. राजराज चोळाने साधारण ९९९ ला शक्तिवर्म्याला फौज देऊन वेंगीच्या गादीवर परत बसवलं आणि धाकट्या विमलादित्याला आपली मुलगी कुंदवै दिली.

इथून सोयरीक सुरू होते आणि एकदा सुरू झाली की थांबतच नाही. विमलादित्य आणि कुंदवैचा मुलगा राजराज नरेंद्र, नावच आईच्या वडिलांचं. याच्याच दरबारात नन्नयाने तेलुगू महाभारत लिहायला घेतलं. त्याने लग्न केलं अम्मंगदेवीशी, ती राजेंद्र चोळाची मुलगी, म्हणजे सख्ख्या मामाची मुलगी. त्यांचा मुलगा पुन्हा राजेंद्र, आजोबांचंच नाव, आणि त्याने लग्न केलं मधुरांतकीशी, ती दुसऱ्या राजेंद्र चोळाची मुलगी, म्हणजे परत मामाचीच मुलगी. मामाची मुलगी करणं आपल्याकडे अनेक घरांत चालतं त्यामुळे आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. तीन पिढ्या असं झाल्यावर तो पोरगा नावाला चालुक्य आणि रक्ताने बराचसा चोळ झाला. हा पोरगा लक्षात ठेवा, शेवटी सगळा गेम हाच फिरवतो.

पण वेंगीत एक सावत्र भाऊ पण होता. विमलादित्याला दुसऱ्या बायकोपासून झालेला विजयादित्य. राजराज नरेंद्राच्या मागे मामाकडचे म्हणजे चोळ, मग विजयादित्याच्या मागे कोण, तर अर्थातच कल्याणीचे भाऊबंद. गावातल्या वाटणीच्या भांडणात जसं एका भावाला एक पुढारी उचलून धरतो आणि दुसऱ्याला दुसरा, डिट्टो तसं. नरेंद्र चाळीसेक वर्षं राजा होता म्हणतात पण त्यातली किती वर्षं निवांत बसला असेल कोण जाणे. कलिदिंडी म्हणून गाव आहे तिकडे, तिथे चोळांचे तीन सेनापती कल्याणीच्या फौजेशी लढताना पडले आणि नरेंद्राने त्यांच्या आठवणीत देवळं बांधली. मामाकडून आलेली माणसं भाच्याच्या गादीसाठी मेली, तेवढं तरी केलंच पाहिजे होतं.

हे झालं वेंगीचं. दुसरी आघाडी थेट तुंगभद्रेवर होती आणि तिथे मामला जास्त रानटी होता. तैलपाचा मुलगा सत्याश्रय राजा असताना, १००७ च्या सुमाराला, चोळांची मोठी स्वारी आली. होट्टूर गावचा कन्नड शिलालेख म्हणतो की चोळ नऊ लाखांची फौज घेऊन आला, सगळा देश लुटला, बायका, मुलं, ब्राह्मण कापले, मुली पळवल्या. मग आमच्या सत्याश्रयाने त्याला पळवून लावलं, आणि सत्याश्रयाला तिथे जे बिरुद लावलंय त्याचा अर्थ ‘तमिळांचा काळ’. नऊ लाखांचा आकडा अर्थातच घ्यायचा नाही, एवढ्या माणसांना आणि जनावरांना रोज पाणी पाजायचं म्हटलं तरी तुंगभद्रा आटेल. पण अत्याचाराचं वर्णन नुसती थाप म्हणून पण सोडता येत नाही, कारण चोळांचे स्वतःचे लेखच जाळपोळीच्या बढाया मारतात. कंपिलीचा चालुक्यांचा वाडा पाडला, अमुक शहर जाळलं, हे सगळं त्यांनी स्वतः अभिमानाने देवळांच्या भिंतींवर कोरलंय.

इथे एक मिनिट थांबून फौज कशी असायची ते सांगतो, नाहीतर वाटतं की आजच्यासारखी पगारी आर्मी होती. राजाची स्वतःची फौज असायचीच पण मोठा भाग सामंतांचा. सामंत म्हणजे मांडलिक सरदार, त्याच्याकडे एखादा प्रांत, तो राजाला लढाईत माणसं देणार आणि राजा त्याला बक्षीस म्हणून आणखी प्रांत देणार. प्रांतांच्या नावांना आकडे असायचे, बनवासी १२०००, बेळवोल ३००, आपलं कऱ्हाड पण ‘करहाट ४०००’ असं येतं. गावांची मोजदाद होती असं साधारण मानतात.

याचं सगळ्यात भारी उदाहरण थोडं आधीचं आहे, राष्ट्रकूटांच्या वेळचं. ९४९ मध्ये तक्कोलम इथे, आजच्या अरक्कोणमजवळ, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण आणि चोळ युवराज राजादित्य यांची लढाई झाली. राजादित्य हत्तीवर होता आणि हत्तीवरच मारला गेला. मारला कोणी, तर कृष्णाचा मेव्हणा आणि सामंत, गंग घराण्यातला बूतुग. बक्षीस म्हणून कृष्णाने त्याला बनवासी १२०००, बेळवोल ३०० वगैरे प्रांत दिले. आता बूतुगाच्या हाताखाली मणलेर नावाचा एक वीर होता, त्यानेही लढाईत मर्दुमकी केली. बूतुग खूश होऊन म्हणाला, माग काय हवं ते. आणि या माणसाने काय मागितलं असेल? कुत्रा. काळी नावाची राजाची शिकारी कुत्री. मिळाली पण. मग पुढे तिला एका डोंगरावर मोठ्या रानडुकरावर सोडली, तिथे कुत्री आणि डुक्कर दोघंही एकमेकांना मारून मेली. मणलेराने तिच्यासाठी आटकूरच्या देवळासमोर दगड उभा केला, त्यावर कुत्री आणि डुकराची झुंज कोरलीय. आपल्याकडे गावोगाव वीरगळ असतात, हा त्या कुत्रीचा वीरगळच. चोळ युवराज कसा मेला हे आपल्याला ज्या लेखांवरून कळतं त्यातला एक महत्त्वाचा लेख कुत्रीच्या दगडावर आहे, तो आता बंगळूरच्या म्युझियममध्ये आहे.

तक्कोलमनंतर दहा वर्षांनी, ९५९ मध्ये, हाच कृष्ण तमिळ देशात मेलपाडीला तळ ठोकून बसला होता आणि जिंकलेला मुलूख आपल्या माणसांना वाटत होता. ही माहिती ज्या ताम्रपटात आहे तो सापडला कुठे, तर कऱ्हाडला. म्हणजे चोळांना असा मार पठारावरून पडलेला होता, अन् तो त्यांच्या लक्षात होता. पुढे राजराजाने चोळांचं राज्य पुन्हा उभं केलं तेव्हा पठारावर राष्ट्रकूट जाऊन चालुक्य आले होते. चोळांना त्याने फार फरक पडला असेल असं वाटत नाही, दुश्मनाच्या दारावरची पाटी बदलली एवढंच.

आता परत राजाधिराजाकडे. त्याच्या समोर कल्याणीला होता पहिला सोमेश्वर, बिरुद आहवमल्ल, म्हणजे लढाईतला मल्ल. मान्यखेटहून, म्हणजे आजच्या मालखेडहून राजधानी कल्याणीला आणली ती यानेच. या दोघांचं भांडण राजकारणाच्या पुढे जाऊन पर्सनल झालं होतं. चोळांच्या लेखात एक प्रसंग आहे: सोमेश्वराने आपली माणसं निरोप घेऊन चोळांच्या छावणीत पाठवली, राजाधिराजाने त्यातल्या एकाच्या डोक्यावर पाच शेंड्या ठेवून बाकी भादरलं, दुसऱ्याला बाईचं लुगडं नेसवलं, एकाचं नाव ठेवलं आहवमल्ल आणि दुसऱ्याचं आहवमल्ली, आणि दिलं परत पाठवून. दूताला हात लावायचा नाही हा नियम तेव्हाही होता, जीव घेतला नाही एवढीच काय ती लाज राखली. आणि हे लपवायचं सोडून भिंतीवर कोरलं! मला वाचताना राग पण येतो आणि हसू पण येतं.

मग कल्याणी जळाली, द्वारपाल गेला. सोमेश्वर मात्र संपला नाही, आणि हीच त्याची खासियत आहे. प्रत्येक वेळी मार खाऊन उठतो, दोन-चार वर्षांत परत वेंगीत नाक खुपसतो, परत तुंगभद्रा ओलांडतो. चोळांना राजधानी जाळता आली पण तिथे राहता आलं नाही, कारण घरापासून इतक्या लांब, मधे दोन नद्या, आजूबाजूचे सगळे सामंत शत्रूचे, धान्य कुठून आणणार आणि किती दिवस.

१०५४ च्या सुमारास कोप्पम इथे गाठ पडली. राजाधिराज स्वतः सगळ्यात पुढे, हत्तीवर. हत्तीवर बसलेला राजा म्हणजे एका अर्थाने फौजेचा झेंडा, सगळ्यांना दिसतो म्हणून सगळे लढतात, आणि सगळ्यांना दिसतो म्हणून शत्रूलाही दिसतो. चालुक्यांनी सगळे बाण त्या एका हत्तीवर धरले. राजाधिराज पडला. तमिळमध्ये त्याला तेव्हापासून जे नाव पडलं त्याचा अर्थ ‘हत्तीच्या पाठीवर निजलेले देव’, निजलेले म्हणजे वारलेले. राजा पडला की फौज फुटते, तशी फुटली, चोळ पळायला लागले. इथे त्याचा धाकटा भाऊ, दुसरा राजेंद्र, मागून पुढे घुसला. त्याच्या लेखात वर्णन आहे की बाण त्याच्या हत्तीच्या गंडस्थळात घुसले, त्याच्या स्वतःच्या मांडीत, खांद्यात घुसले, तरी हटला नाही. त्याला बघून फौज वळली, चालुक्यांची पुष्कळ माणसं पडली, सोमेश्वराचा एक भाऊ पण मारल्याचा चोळांचा दावा आहे, सोमेश्वर मागे हटला. आणि या राजेंद्राने तिथेच, प्रेतांच्या मधे, अंगात बाण रुतलेले असताना, स्वतःला राज्याभिषेक करून घेतला. राज्याभिषेक म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर सिंहासन, मुहूर्त, पुरोहित, सप्तनद्यांचं पाणी येतं. इथे यातलं काय होतं माहीत नाही, पण राजा नसलेली फौज रात्रीतून घरी पळाली असती म्हणून हे तिथल्या तिथे उरकणं भाग होतं असं मला वाटतं.

त्यानंतर म्हणे हा राजेंद्र कोल्लापुरम इथे गेला आणि तिथे विजयस्तंभ उभारला. हे कोल्लापुरम म्हणजे आपलं कोल्हापूर असं मानतात. आणि कोप्पम नक्की कुठलं, यावर अभ्यासकांची दोन मतं आहेत, काही जण म्हणतात कर्नाटकातलं कोप्पळ किंवा त्या बाजूचं गाव, आणि फ्लीट या इंग्रज अभ्यासकाने शंभरेक वर्षांपूर्वी मांडलं होतं की कोप्पम म्हणजे कृष्णाकाठचं खिद्रापूर, कारण लेखात ‘मोठ्या नदीच्या काठी’ असं आहे आणि कोल्हापूर तिथून जवळ. खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ बऱ्याच जणांनी बघितलं असेल, तो गोल उघडा स्वर्गमंडप आणि खालचे हत्ती. देऊळ त्या लढाईनंतरचं आहे, शिलाहारांच्या काळातलं. मला फ्लीटचं म्हणणं खरं असावं असं फार वाटतं पण ते कोल्हापूरच्या बाजूचा असल्यामुळे वाटतं, पुराव्यामुळे नाही, हे आधीच कबूल करतो.

आता ही लढाई जिंकली कोणी? चोळांचे लेख म्हणतात आम्ही. चालुक्यांचे लेख म्हणतात दुष्ट चोळ आमच्या मुलखात आला, जैन बसद्या म्हणजे जैन देवळं जाळली, आणि शेवटी सोमेश्वराला स्वतःचं डोकं देऊन गेला. आणि दोन्ही खरं आहे! राजा चालुक्यांनी मारला, मैदान चोळांनी मारलं. अण्णिगेरीची बसदी जाळल्याचा जो उल्लेख आहे ती बसदी पूर्वी गंग पेर्माडीने बांधलेली, म्हणजे तोच तक्कोलमचा बूतुग, ज्याने चोळ युवराजाला मारलं आणि बक्षीस म्हणून बेळवोल मिळवलं. चोळांनी हिशेब लक्षात ठेवून तीच बसदी निवडली का सोन्यासाठी जाळली, ते कोण सांगणार. पण शंभर वर्षांनी बरोबर त्या माणसाचं देऊळ जळावं हे वाचून मी तरी दोन मिनिटं गप्प बसलो होतो.

असे लेख वाचताना मी एक साधी ट्रिक वापरतो. लेखात विजय किती मोठा लिहिलाय ते बाजूला ठेवायचं, आणि नंतरच्या दोन-पाच वर्षांत त्या भागात दानपत्रं कोणाच्या नावाने निघतायत ते बघायचं. देवळाला जमीन देणारा माणूस ज्या राजाचं नाव घालतो तो खरा मालक, कारण तिथे शेतसाऱ्याचा प्रश्न असतो. प्रशस्ती म्हणजे चौकातला फ्लेक्स आणि दानपत्र म्हणजे सातबारा. या हिशेबाने बघितलं तर चोळांनी तुंगभद्रेच्या उत्तरेला कधीच फार काळ काही धरून ठेवलं नाही, आणि चालुक्यांनी कांची घेतली वगैरे त्यांचे कवी म्हणतात त्यालाही तिकडे सातबारा सापडत नाही.

दुसऱ्या राजेंद्रानंतर तिसरा भाऊ वीरराजेंद्र आला. त्याने १०६२-६३ च्या आसपास कूडलसंगमला, नद्यांच्या संगमावर, चालुक्यांना चांगलंच चोपलं. मग काही वर्षांनी सोमेश्वराने निरोप पाठवला की पुन्हा कूडललाच या, एकदाचा निकाल लावू. वीरराजेंद्र गेला, ठरलेल्या दिवसाच्या पुढे महिनाभर वाट बघत बसला, सोमेश्वर आलाच नाही. मग चोळांनी त्याचा पुतळा करून त्याची विटंबना केली, तुंगभद्रेकाठी विजयस्तंभ उभारला. सोमेश्वर न येण्याचं कारण बहुतेक आजारपण होतं. असाध्य ताप होता. मार्च १०६८ मध्ये कुरुवत्तीला तो तुंगभद्रेत उतरला, पाणी गळ्याला लागेपर्यंत चालत गेला आणि त्याने जलसमाधी घेतली. आयुष्यभर जी नदी ओलांडायची का नाही यावर भांडला तीच नदी. बिल्हणाने हे फार सुंदर लिहिलंय.

बिल्हण म्हणजे काश्मीरचा कवी, फिरत फिरत कल्याणीला आला आणि सोमेश्वराच्या धाकट्या मुलाचा, सहाव्या विक्रमादित्याचा, दरबारी कवी झाला. ‘विक्रमांकदेवचरित’ त्याचंच. काव्य उत्तम, पण इतिहास म्हणून वाचताना मिठाचा डबा शेजारी ठेवायचा, कारण विक्रमादित्याने थोरल्या भावाला हटवून गादी घेतली हे बिल्हणाने असं लिहिलंय की विक्रमादित्याला अजिबात नको होतं, साक्षात शंकर स्वप्नात येऊन आग्रह करत होते म्हणून नाइलाजाने घेतली.

झालं होतं असं. थोरला भाऊ दुसरा सोमेश्वर राजा झाला, विक्रमादित्याचं त्याच्याशी पटेना. हे बघून वीरराजेंद्र चोळाने काय केलं, तर विक्रमादित्याला आपली मुलगी दिली. साठ-सत्तर वर्षांपूर्वी त्याच्या आजोबांनी, राजराजाने, वेंगीत जे केलं तेच आता कल्याणीत, दोन भावांतला एक पकड आणि त्याला जावई कर. पण १०७० मध्ये वीरराजेंद्र गेला, त्याचा मुलगा अधिराजेंद्र गादीवर आला आणि दक्षिणेत दंगा सुरू झाला. विक्रमादित्य धावत गेला, मेव्हण्याला चोळांच्या राजधानीत, गंगैकोंडचोळपुरमला, गादीवर नीट बसवला, महिनाभर राहिला आणि परत फिरला. त्याची पाठ वळते न वळते तोच मेव्हणा मारला गेला, आणि चोळांच्या गादीवर येऊन बसला कोण? वेंगीचा तो पोरगा. तीन पिढ्या चोळांच्या मुली आणलेल्या घराण्यातला राजेंद्र. त्याने नाव घेतलं कुलोत्तुंग, आणि पुढची पन्नासेक वर्षं चोळांचा राजा हाच.

म्हणजे सत्तरेक वर्षं चोळांनी मुली देऊन वेंगी धरून ठेवली आणि शेवटी वेंगीनेच चोळांचं घर घेतलं. नातं काढा आता: कुलोत्तुंगाची बायको दुसऱ्या राजेंद्राची मुलगी, विक्रमादित्याची बायको वीरराजेंद्राची मुलगी, ते दोघं सख्खे भाऊ. म्हणजे कुलोत्तुंग आणि विक्रमादित्य झाले चुलत साडू. आणि वडिलांच्या बाजूने दोघंही चालुक्य! चोळ विरुद्ध चालुक्य म्हणून जे युद्ध पुस्तकात येतं ते यापुढे दोन चालुक्य साडूंचं युद्ध आहे, ग्रुपवर हे टाकलं तर दोन्ही पार्ट्या माझ्यावर तुटून पडतात.

कुलोत्तुंगाने लगेच विक्रमादित्याच्या थोरल्या भावाशी हातमिळवणी केली. म्हणजे आता कल्याणीचा राजा आणि चोळ एका बाजूला आणि मधे विक्रमादित्य. १०७६ पर्यंत विक्रमादित्य यातून सुटला, भावाला कैदेत टाकलं, गादी घेतली, आणि शक सोडून स्वतःचा चालुक्य-विक्रम संवत सुरू केला. कुलोत्तुंगाचे लेख म्हणतात आम्ही त्याला नंगिलीपासून तुंगभद्रेपर्यंत पळवला. बिल्हण म्हणतो कुलोत्तुंगच पळाला. सातबारा बघा, दोघंही आपापल्या जागी आहेत.

त्यानंतर बरीच वर्षं शांतता होती. दोघांनाही आपापल्या घरात कामं होती, आणि मला वाटतं दोघांनाही कळलं होतं की नदीच्या पलीकडे जाऊन टिकता येत नाही. विक्रमादित्याने पन्नास वर्षं राज्य केलं, त्याच्या दरबारात विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली, जिच्या वारसाहक्काच्या नियमांवर पुढे इंग्रजांच्या कोर्टात आणि नंतरही हिंदू कुटुंबांच्या वाटण्या होत राहिल्या. दोन घराणी वाटणीवरून शतकभर भांडली आणि वाटणीचा कायदा लिहिला गेला त्यातल्याच एकाच्या राजधानीत, हे मला भारी वाटतं. त्याची एक राणी चंद्रलेखा आपल्या कऱ्हाडची, शिलाहारांची मुलगी, तिच्या स्वयंवराचं वर्णन बिल्हणाने पानंच्या पानं केलंय.

वेंगी मात्र विक्रमादित्याच्या डोक्यातून गेली नव्हती. १११८ मध्ये कुलोत्तुंग म्हातारा झाला आणि त्याने वेंगी सांभाळणाऱ्या मुलाला दक्षिणेत बोलावून घेतलं, तेवढ्यात कल्याणीचा सेनापती अनंतपाल तिथे घुसला. द्राक्षारामच्या देवळात, वेंगीच्या ऐन मधोमध, चालुक्य-विक्रम संवताने तारखा घातलेली दानपत्रं सापडतात. सातबारा बदलला! ११२६ ला विक्रमादित्य गेला आणि दहाएक वर्षांत हा सातबारा परत चोळांच्या बाजूच्या सरदारांकडे फिरला.

पण तोपर्यंत दोघांचेही सामंत मोठे झाले होते. चोळांकडून तळकाड होयसळांनी घेतलं, कल्याणी काही वर्षं कलचुरी बिज्जळाने घेतली, वेंगीकडे काकतीय सरकले, आणि उत्तरेला आपले यादव. यादव पाचवा भिल्लम, देवगिरी राजधानी केली तो, चालुक्यांचं उरलंसुरलं गोळा करत खाली उतरला, तिकडून होयसळ वीरबल्लाळ तेच करत वर आला, आणि ११९०-९१ च्या सुमाराला दोघांची टक्कर झाली सोरटूरला. सोरटूर गदगजवळ, म्हणजे तेच बेळवोल, जे बूतुगाला बक्षीस मिळालं होतं, जिथली बसदी चोळांनी जाळली होती. भिल्लम हरला. होयसळांच्या लेखात त्याच्या फौजेचा आकडा दिलाय, दोन लाख पायदळ आणि बारा हजार घोडेस्वार. नऊ लाखांवरून दोन लाखांवर आले म्हणजे तसे सुधारलेच म्हणायचे.